गिऱ्हाईक पत्रा नाही, वाक्य विकत घेतं: विनोदी बिल्ल्यांच्या धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बॅज बनवायचं मशीन बघितलं. पत्र्याची टोपी ठेवायची, त्यावर छापलेला गोल कागद, वर पारदर्शक फिल्म, एकदा दाबायचं. मग मागची पिनवाली बाजू ठेवून दुसऱ्यांदा दाबायचं. झाला बॅज तयार. अर्ध्या तासात कुणालाही जमेल असं हे काम आहे.

आणि अडचण नेमकी तीच आहे. जे कुणालाही जमतं, ते उद्या तुमच्या शेजारचा दुकानदारही करेल. मशीन तेच, पत्रा तोच, पिनही तीच. मग गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल? तर वाक्यासाठी. म्हणून हा लेख मशीनचा नाही, त्या पाच-सहा शब्दांचा आहे.

बिल्ला आपल्याला नवा नाही

छातीवर बिल्ला लावायची सवय जुनी आहे. शाळेत मॉनिटरचा बिल्ला असतो, स्टेशनवर हमालाचा, गणपतीत कार्यकर्त्याचा, निवडणुकीत पक्षाचा. अमेरिकेत 1789 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा लोकांनी कपड्यांवर धातूची खास बटणं शिवून घेतली होती. आज आपण जो पिनचा गोल बॅज बनवतो, त्याचं पेटंट 1896 मध्ये न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीकडे आलं. त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या निवडणुकीत असे बॅज भरपूर वाटले गेले. पुढे 1960 च्या दशकात तिथली तरुण मुलं स्वतःची मतं आणि गमतीची वाक्यं बॅजवर मिरवू लागली.

यातला फरक धंद्यासाठी महत्त्वाचा आहे. मॉनिटरचा बिल्ला सांगतो, ‘मला हे काम दिलंय.’ पक्षाचा बिल्ला सांगतो, ‘मी यांच्या बाजूचा.’ विनोदी वाक्याचा बिल्ला सांगतो, ‘मी असा आहे.’ पहिले दोन फुकट वाटले जातात. तिसऱ्यासाठी माणूस स्वतःच्या खिशातून पैसे काढतो.

कोण घेतं आणि का घेतं

माझं गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान कॉलेज रोडवर आहे. काउंटरवर बॅजचा बोर्ड लावल्यापासून मी बघते, घेणारे साधारण तीन प्रकारचे असतात.

1. कमी बोलणारे. आपल्याला वाटतं विनोदी बॅज बडबड्या माणसासाठी असतो. पण बडबड्याला बॅजची गरज काय? त्याचं तोंड आहेच. बोर्डासमोर सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात ते लाजरे लोक. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलणं त्यांना जड जातं. बॅज ते पहिलं वाक्य बोलून टाकतो, मग समोरचा हसून सुरुवात करतो.

2. एका कामातले लोक. अकाउंटंट, नर्स, शिक्षिका, बँकेतले कर्मचारी. आपल्या कामातला त्रास फक्त आपल्या माणसांना कळतो, आणि त्यावर हसायला त्यांना आवडतं. ‘ताळेबंद जुळला, आता मला कुणीतरी जुळवा’ हा बॅज मार्च महिन्यात काय खपतो!

3. भेट देणारे. हे स्वतःसाठी घेत नाहीत. बोर्ड वाचता वाचता एकदम म्हणतात, ‘अगं, हे तर आपल्या मावशीचं वाक्य!’ इथे एक बॅज घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चार घेऊन जातं.

बॅज न बोलता बोलतो, हे विनोदाच्या बाहेरही खरं आहे. लंडनच्या वाहतूक विभागाने 2005 पासून गरोदर प्रवाशांसाठी आणि 2017 पासून बाहेरून न दिसणारा आजार असलेल्या प्रवाशांसाठी बॅज सुरू केले. गर्दीत ‘मला बसायला जागा द्या’ म्हणणं अवघड वाटतं, ते काम छातीवरचा बॅज करतो. आपण विनोद विकतो, पण गरज तीच आहे. ‘जे तोंडाने बोलवत नाही, ते कुणीतरी माझ्या वतीने बोलावं.’

वाक्य कसं लिहायचं

बोट स्वतःकडे वळवा. ‘तुला अक्कल नाही’ हे वाचून दुकानात हसतात, पण विकत घेत नाहीत. घेतलं तरी घालत नाहीत. कारण घालणारा दिवसभर प्रत्येक अनोळखी माणसाला तेच म्हणत फिरणार! आता हे बघा: ‘नाव विसरते, चेहरा विसरत नाही. उधारी तर नाहीच.’ यात घालणारी आधी स्वतःवर हसते, मग समोरच्याला चिमटा काढते. हा बॅज किराणा दुकानातल्या ताई आनंदाने लावतात, आणि उधारीही थोडी सुटते म्हणतात.

बोलतो तसं लिहा. पुणेरी पाट्या आपण का वाचतो? त्या पाटीमागे बसलेला माणूस ऐकू येतो म्हणून. ‘मी वेळेचा फार पाबंद नाही’ हे वाक्य मेलेलं आहे. ‘निघालोच’ हा एकच शब्द बघा. अजून आंघोळही न केलेला माणूस फोनवर हेच म्हणतो. तुमच्या भागाची बोली असेल तर ती वापरा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, जी असेल ती. फक्त ती बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि विनोद बोलीची टिंगल करणारा नको, बोलीतून आलेला हवा.

सात शब्दांच्या आत थांबा. सगळ्यात चालणारा आकार 58 मिमीचा. समोरचा माणूस हातभर अंतरावरून दोन सेकंद बघतो, तेवढ्यात वाचून झालं पाहिजे. वाक्य लांब असेल तर ते टी-शर्टवर न्या.

देवनागरीला जागा द्या. इंग्रजी बॅजची डिझाइन उचलून त्यात मराठी भरली की गडबड होते. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. म्हणून ओळींमधलं अंतर वाढवा, जाड अक्षर घ्या, आणि तीन ओळींच्या पुढे जाऊ नका. शिवाय कडेचा कागद मशीनमध्ये मागे दुमडला जातो. 58 मिमीच्या बॅजसाठी कागद साधारण 70 मिमीचा कापावा लागतो, म्हणजे चारही बाजूंनी 6 मिमी आत जातो. वाक्य मधल्या 50 मिमीत बसवा. तुमच्या मशीनचं नेमकं माप विक्रेत्याकडून लिहून घ्या.

आठ तासांची परीक्षा. एकदा हसू येणं सोपं आहे. बॅज दिवसभर अंगावर असतो. म्हणून विचारा: हे वाक्य लावून मी बसमध्ये बसेन का? सासूबाईंसमोर जाईन का? आमच्या सरांनी वाचलं तर? जिथे अडखळाल, ते वाक्य खोडा.

सक्ती केली की विनोद मरतो

1999 च्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन सिनेमात एक वेट्रेस आहे. तिच्या हॉटेलचा नियम असा की, प्रत्येकीने कमीत कमी पंधरा गमतीचे बॅज लावायचे. ती पंधराच लावते, तर मॅनेजर विचारतो, बस एवढेच? स्वतःचं व्यक्तिमत्त्व दाखवायला हवं ना! ज्याला घाऊक ऑर्डर घ्यायची आहे, त्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

माझ्याकडे एका कापड दुकानाचे मालक आले. साड्यांच्या काउंटरवर बारा बायका, सगळ्यांसाठी एकच वाक्य हवं: ‘हसतमुख सेवा’. मी म्हटलं, ‘दादा, पैसे तेवढेच द्या, पण वाक्यं वीस देते. कुणी कुठलं घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि ज्यांना नको असेल त्यांना सोडा.’ ते थोडे नाखूश होते, पण तयार झाले.

दहा जणींनी बॅज घेतले, दोघींनी नाही घेतले. सगळ्यात उशिरा निवडला तो पन्नाशीच्या एका काकूंनी. हुशार बाई, कापडाची पारख जबरदस्त, पण चेहरा गंभीर. गिऱ्हाईक त्यांच्यासमोर बसायला कचरायचं. मालकही दोन-तीनदा म्हणाले होते, ‘जरा हसत जा.’ काकूंनी बॅज घेतला: ‘मी रागावलेली नाही. चेहराच असा आहे.’

महिन्याभराने मालक पुन्हा आले तेव्हा सांगत होते, आता बायका मुद्दाम काकूंसमोर बसतात. आधी बॅज वाचून हसतात, मग साड्या बघतात. काकू अजूनही फारशा हसत नाहीत. पण त्यांना ‘हस’ म्हणायचं मालकांनी बंद केलंय. ‘हसतमुख सेवा’ लिहिलेला बॅज त्याच काकूंच्या छातीवर लावला असता तर तो रोज त्यांचाच अपमान झाला असता. तोच पत्रा, तीच पिन. म्हणून घाऊक ऑर्डरमध्ये नेहमी निवड विका.

याच ऑर्डरमधला एक कामाचा मुद्दा: रेशमी साडीला पिनने भोक पडतं. तिथे चुंबकवाली मागची बाजू द्या. पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांना चुंबक देऊ नका, विचारूनच द्या. आणि पिनचा बॅज अगदी लहान मुलांच्या हातात देऊ नका.

पैशाचं गणित

खालचे आकडे गणित समजावं म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावातले भाव विचारून ते बदला.

ए-फोर कागद 210 मिमी रुंद. त्यात 70 मिमीचे तीन गोल काठोकाठ भरतात आणि प्रिंटर कडेची जागा सोडतो, त्यामुळे तिसरा गोल कापला जातो. म्हणून डिजिटल प्रिंटवाल्याकडे बारा-अठराची शीट घ्या. त्यात चार गुणिले सहा, असे 24 गोल आरामात बसतात. कागद 100 जीएसएमच्या आसपास ठेवा. फार जाड कागद मशीनमध्ये नीट दुमडत नाही.

- शीटची छपाई 40 रुपये धरली तर एका बॅजला 1.67 रुपये
- पत्रा, फिल्म आणि पिनचा सेट: 4 रुपये
- कापणं आणि दाबणं, तासाला 80 रुपये मजुरी आणि 40 बॅज धरून: 2 रुपये
- कार्ड आणि पिशवी: 1.50 रुपये
- वाया जाणारा माल 5 टक्के: साधारण 0.46 रुपये

एकूण 9.63, म्हणजे 10 रुपये धरा. मजुरी तुम्ही स्वतः करत असाल तरी ती लिहायचीच. आपली मेहनत फुकट धरून काढलेला नफा हा नफा नसतो.

आता 30 रुपयांना स्टॉलवर विकला तर बॅजमागे 20 सुटतात. स्टॉलचं दिवसाचं भाडं 1,500 असेल तर पहिले 75 बॅज फक्त भाड्यासाठी. 76 व्या बॅजपासून तुमची कमाई. दुसऱ्या दुकानाला 18 रुपयांनी दिला तर 8 सुटतात. मशीन 8,000 चं असेल तर ते वसूल व्हायला असे 1,000 बॅज जायला हवेत. म्हणून आधी मशीन घेऊ नका.

आधी वाक्यं तपासा. डिजिटल छपाईत एका शीटवरचे 24 गोल 24 वेगळ्या वाक्यांचे असू शकतात, खर्च तोच 40 रुपये. एक शीट छापा, गोल कापा, नुसते कागद टेबलावर पसरा आणि वीस ओळखीच्यांना विचारा, ‘यातलं कुठलं पैसे देऊन घ्याल?’ आवडलं का, असं विचारू नका. आवडतं सगळंच. जी पाच-सहा वाक्यं पुन्हा पुन्हा उचलली जातील, तेवढीच मशीन असलेल्या माणसाकडून दाबून घ्या. पहिले शंभर विकले गेले की मशीनचा विचार करा.

कुठे थांबायचं

सिनेमाचे डायलॉग, गाण्यांच्या ओळी, कार्टूनची चित्रं, कंपन्यांचे लोगो परवानगीशिवाय छापू नका. कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचे कायदे छोट्या स्टॉललाही लागू असतात. जात, धर्म आणि कुणाच्या शरीरावरचे विनोद नकोत. खपतील कदाचित, पण तुमच्या दुकानाचं नाव त्याच्याशी जोडलं जाईल. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, ती करून घ्या. जीएसटीसाठी महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांची वार्षिक उलाढालीची मर्यादा 40 लाख रुपये आहे, पण राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर आधी सीएंना विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या ओळखीची तीन माणसं निवडा: एक लाजरं, एक कामात बुडालेलं, एक सगळ्यांना भेटी देणारं.
2. प्रत्येकासाठी पाच वाक्यं लिहा. त्यांच्या तोंडात शोभतील अशी, तुमच्या नाही.
3. सात शब्दांवरची कापा किंवा खोडा. मग आठ तासांची परीक्षा लावा.
4. उरलेली वाक्यं त्या तिघांना दाखवा आणि कुणी कुठलं मागून घेतलं ते वहीत लिहा.

पंधरापैकी दोन जरी मागून घेतली गेली तरी चांगली सुरुवात आहे. पुढच्या धड्यात आपण स्टॉलवर बोर्ड कसा मांडायचा आणि डोळ्यांच्या उंचीवर कुठली वाक्यं ठेवायची ते बघू. तोपर्यंत वही पेन घेऊन बसा, लिहायला लागा!