माळव्यातील ज्ञानदूत

ज्ञानाचा लाभ सर्वांस व्हावा, ही आकांक्षा जुनीच आहे. त्याची साधने मात्र काळानुसार पालटतात. आपल्या देशात इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस खुली झाली. परंतु आरंभी तिचा लाभ मोठ्या शहरांनाच मिळाला. खेड्यातील शेतकऱ्यास तिचा काय उपयोग, असे पुष्कळांस वाटे. या शंकेचे उत्तर आपल्या इंदूरला लागूनच असलेल्या धार जिल्ह्याने दिले.

या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. जमिनीच्या खसऱ्याची नक्कल हवी असली, तर शेतकऱ्याला पटवाऱ्याकडे हेलपाटे घालावे लागत. मंडीतला भाव गावी कळण्याचे साधन म्हणजे बहुधा व्यापाऱ्याचा शब्द! अशा ठिकाणी १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. निवडक गावी ‘सूचनालये’ उघडण्यात आली. तेथील संगणक टेलिफोनच्या तारेने जिल्ह्याच्या मुख्य संगणकास जोडलेला असे. तो चालविणारा ‘सूचक’ हा त्याच परिसरातील शिकलेला तरुण असे. त्याला सरकारी पगार नव्हता. लोक देत त्या अल्प शुल्कावर त्याचा चरितार्थ चाले. मंडीचे भाव, खसऱ्याची नक्कल, दाखल्याचा अर्ज, बिघडलेल्या हातपंपाची तक्रार, ही सारी कामे तेथे होत. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पारितोषिक लाभले.

परंतु पारितोषिकाने अडचणी सरत नाहीत. वीज वारंवार जाई, टेलिफोन बंद पडे. शिवाय तक्रार क्षणात पोहोचली, तरी कचेरीतील माणूस तत्पर नसला, तर हातपंप कोरडाच राहणार! लोक येईनासे झाले, की सूचकाची मिळकतही आटणार. यंत्रामागे माणसाची कर्तव्यनिष्ठा नसेल, तर यंत्र व्यर्थ होय.

दुसरा धडा वारणानगरचा. तेथील सहकारी परिसरात १९९८ साली ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आखण्यात आली. त्या केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या हिशेबापुरता होत असे. पुढे सात गावांत तीच माहिती साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला. तो स्वस्त आणि सोयीचा ठरला. साधन भारी असण्यापेक्षा गरजेला साजेसे असणे महत्त्वाचे.

यानंतर देशाने साक्षरतेकडे लक्ष दिले. २०१७ साली आरंभिलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात सहा कोटींहून अधिक ग्रामस्थांना शिक्षण मिळाले. तरीही हाती मोबाइल असून पैसे पाठविण्यासाठी दुसऱ्याच्या हाती गुप्त क्रमांक देणारे वडीलधारे आपण पाहतोच. पूर्वी पत्र वाचून घ्यावे लागे, तशीच ही परावलंबिता आहे. हिच्यात फसवणुकीचे भय मात्र अधिक.

विद्यार्थिमित्रहो, येथेच आपले कर्तव्य सुरू होते. आपण आजीचे काम चटकन करून देतो आणि तिला शिकविले असे मानतो. खरे शिकविणे म्हणजे यंत्र तिच्याच हाती ठेवणे, सोप्या मराठीत सांगणे, ती चुकली तरी न चिडणे, आणि गुप्त क्रमांक आपल्यालाही न सांगण्यास तिला शिकविणे. प्रत्येकाने येत्या सुटीत एका व्यक्तीस असे स्वावलंबी केले, तर आपणही ज्ञानदूत ठरू.