झंजीरचा आजार आणि वास दिलेल्या पेशी

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर तुमच्यापैकी काहींना ऐकून माहीत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर हुडकून दिले. स्फोटकांनी त्याला कधी दगा दिला नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला तो हाडांच्या कर्करोगाने, वयाच्या आठव्या वर्षी.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एका कॅडेटने विचारलं, "सर, पाय कापून असा कुत्रा वाचत नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र पायात नाही, फुप्फुसात आहे.

कुत्र्यांच्या हाडांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. मोठ्या चणीच्या जातींना तो अधिक होतो. पुढच्या पायात कोपरापासून दूर आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ, या त्याच्या नेहमीच्या जागा. कुत्रा लंगडतो, आपण 'मुरगळला असेल' म्हणून थांबतो आणि तेवढ्यात दिवस निघून जातात. एक्स-रेमध्ये गाठ दिसते तोवर बहुतेक कुत्र्यांत काही पेशी रक्तावाटे फुप्फुसात पोहोचलेल्या असतात, पण त्या इतक्या सूक्ष्म असतात की दिसत नाहीत. म्हणून नुसता पाय काढला तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांतच जातात. केमोथेरपीची जोड दिली तर हा काळ साधारण दहा-बारा महिन्यांपर्यंत जातो. तीन पायांवर कुत्रा झकास धावतो, अडचण ती नाहीच.

मग फुप्फुसात दडलेल्या पेशी शोधायच्या कुणी? शरीरात हे काम टी-पेशींचं. पण कर्करोगाची पेशी मूळची घरचीच, अंगावर गणवेशही आपलाच. पहारेकरी तिला अडवत नाही.

मेरठला लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं केंद्र आहे. तिथे काय किंवा पोलिसांच्या पथकात काय, शोधी कुत्र्याला आधी नमुन्याचा वास ओळखायला शिकवतात, मग शोधायला सोडतात. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी टी-पेशींबाबत जवळपास हेच केलं. पाय काढल्यावर त्या गाठीच्याच पेशींपासून लस बनवून ती त्याच कुत्र्याला टोचली. हा झाला वास. शरीरातल्या टी-पेशी शत्रू ओळखू लागल्या की रक्तातल्या पांढऱ्या पेशी यंत्राने वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत त्यांना चेतवलं आणि शिरेतून परत सोडल्या. त्या टिकून राहाव्यात म्हणून इंटरल्यूकिन-२ ची इंजेक्शनं दिली. केमोथेरपी दिलीच नाही.

२०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १४ कुत्र्यांचं मध्यक आयुष्य ४१५ दिवस भरलं, म्हणजे निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली. पाच कुत्री तर ७३० दिवसांच्या पुढे गेली. गणिताच्या तासाला शिकलेला मध्यक इथे कामाला येतो, कारण दोन-चार दीर्घायुषी कुत्र्यांमुळे सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. तरी १४ हा आकडा लहान आहे, आणि तुलना पूर्वीच्या नोंदींशी होती, शेजारी दुसरा गट ठेवून केलेली नव्हती. मला हा निकाल आशादायक वाटतो, पक्का नव्हे.

आपल्याकडे ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईच्या आयआयटी मुंबईत नेक्सकार१९ या उपचाराचं उद्घाटन झालं. टाटा मेमोरियल रुग्णालय त्यात सहभागी होतं. तो माणसांच्या काही रक्तकर्करोगांसाठी आहे आणि त्यात टी-पेशीला लसीने शिकवत नाहीत, तिच्या जनुकांतच शत्रूची ओळख घालतात. रक्तातला शत्रू हाती लागतो. हाडातल्या घट्ट गाठीत शिरणं टी-पेशींना फार जड जातं.

ऑस्टिओसार्कोमा माणसांनाही होतो, तोही बहुधा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात आणि गुडघ्याच्या आसपास. दोघांतला आजार इतका सारखा आहे की कुत्र्यांवरच्या या उपचारांकडे मुलांचे डॉक्टरही लक्ष ठेवून असतात.

तुमच्या घरचा मोठा कुत्रा पंधरवडाभर एकाच पायाने लंगडत असेल, तर मालिश थांबवा आणि एक्स-रे काढून घ्या.