आतडं सुजलेलं असताना ताट कसं वाढावं

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सच्या रुग्णाचं वजन उतरू लागलं की घरचे आधी खाणं तोडतात. दूध बंद, डाळ बंद, आठ-आठ दिवस नुसती पेज. नुकसान इथेच होतं. आतड्यातला दाह भूक मारतो, स्नायू झिजवतो, शौचावाटे प्रथिनं घालवतो. त्यात उपासमार झाली तर आतड्याचं अस्तर भरून यायचं कशाने?

आधी वजन. दर रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा. तीन-सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे 60 किलोचा माणूस 57 च्या खाली गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. घोट्यावर बोट दाबून खळगा राहत असेल तर काट्यावर विसंबू नका. ते पाण्याचं वजन असतं.

रक्ताचा रिपोर्ट वाचताना सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, आधी पाहा. ते वाढलेलं असताना अल्ब्युमिन दाहानेही घसरतं, आणि फेरिटिन 100 पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं. दाहात यकृत हेप्सिडिन जास्त सोडतं, त्यामुळे पोटातून लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्या लागू पडत नसतील तर शिरेतून लोह देता येईल का, हे विचारा. बी-12 आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

आता ताट. आजार उसळलेला असताना वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ठरवतील तेवढीच). 50 किलोच्या माणसाला निदान 60 ग्रॅम. दोन अंडी, 50 ग्रॅम पनीर, 50 ग्रॅम मुगाची डाळ, वाटीभर घट्ट दही आणि दिवसभराचा भात-पोळी मिळून तिथपर्यंत पोचता येतं. अंडं चालत नसेल तर पनीर वाढवा. एकदम पोटभर नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

इंदूरच्या घरात पोहे सोडायला सांगणं मला पटत नाही, गरजही नाही. जाड पोहे धुऊन नेहमीसारखे वाफेवर मऊ करा. शेव, कच्चा कांदा, मिरची वगळा, जीरावन मसाला चिमूटभरच, वर किसलेलं पनीर. जिलेबी आणि सराफा बाजारातलं तळण मात्र पोट शांत होईपर्यंत राहू द्या.

आतडं अरुंद झालं असेल तर साली, बिया, मक्याचे दाणे नकोत. भुट्ट्याचा कीसही नाही. बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्याला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं, त्याचं खाणं रुग्णालयातच वाढवायचं. ताप, वाढता रक्तस्राव, किंवा पोट फुगून उलट्या झाल्या तर इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय असो वा जवळचं दुसरं कुठलं, त्याच दिवशी जा. वजनाची वही सोबत न्या आणि आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या.