बेताची वीज

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, तेरेखोल नदीच्या काठी आरोंदा हे गाव वसलेले आहे. नदीच्या पैलतीरी गोव्याची हद्द लागते. तेथील पेडणे तालुक्यात मोपा येथे नवा विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. आकाशातून जाणारे विमान पाहिले, की आपणही एखादे लहानसे विमान करून उडवावे, असे कोणत्या मुलाला वाटत नाही?

अशा लहान विमानांना प्रतिकृती-विमाने म्हणतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ती तयार करण्याचे व उडवण्याचे शिक्षण दिले जाते. त्यांपैकी काही विमाने विजेच्या मोटारीवर चालतात, तर काहींना मुठीत मावेल एवढे इंजिन असते. हे इंजिन चालू करण्यासाठीही वीज लागते. मात्र ती बेताची असावी लागते.

मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी पुन्हा पुन्हा पाडावी लागते. या चिमुकल्या इंजिनाची रीत निराळी आहे. त्याच्या माथ्यावर ‘ग्लो प्लग’ बसवलेला असतो. १९४७ साली रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने तो प्रचारात आणला. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त बारीक तारेचे वेटोळे असते. विद्युतघट जोडला, की तार तापून लाल होते. पंखा फिरवताच आत आलेली मिथेनॉलची वाफ तिच्या सान्निध्यात पेट घेते व इंजिन चालू होते. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमचा मिथेनॉलवर होणारा परिणाम यांमुळे तार आपोआप तप्त राहते. मग घट काढून घेतात. घटाचे काम काय ते पहिल्या काही क्षणांचे!

पण त्या क्षणांसाठी घट कोणता निवडावा? बागेतील पाण्याचे उदाहरण घेऊ. पाणी उंचावरून सोडले, तर त्याचा मारा जोराचा असतो. रुंद पाटाने आणले, तर पाणी पुष्कळ मिळते आणि मारा मात्र सौम्य राहतो. पोफळीच्या कोवळ्या रोपाला पाणी हवे, मारा नको. प्लगच्या तारेचेही तसेच आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात, तर प्रवाह अँपिअरमध्ये. सामान्यतः या तारेला सुमारे दीड व्होल्ट दाब पुरतो; प्रवाह मात्र सुमारे तीन अँपिअर लागतो.

विजेरीतील साध्या कोरड्या घटाचा दाब दीड व्होल्टच असतो. परंतु त्याचा अंतर्गत रोध अधिक असल्याने एवढा प्रवाह देताना तो लवकर थकतो. शिसे-आम्ल घट १८५९ मध्ये प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला. तो प्रवाह भरपूर देतो. पण त्याचा दाब दोन व्होल्ट असल्याने मध्ये योग्य रोध न घातल्यास तार जळण्याची भीती असते. १८९९ मध्ये स्वीडनच्या युंग्नर याने निकेल-कॅडमिअम घट तयार केला. त्याचा दाब १.२ व्होल्ट असून अंतर्गत रोध अल्प असतो. त्याचाच नवा भाऊबंद म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड घट. हे दोन्ही घट या कामास योग्य ठरतात. मोबाइलमधील लिथियम घटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. तो सरळ जोडला, तर तार क्षणात वितळून जाईल.

घट निवडला, तरी तो नीट भरला पाहिजे. ४ अँपिअर-तास क्षमतेचा निकेल-कॅडमिअम घट सावकाश भरायचा असेल, तर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ०.४ अँपिअर प्रवाह द्यावा. हिशेबाने दहा तास पुरे वाटतात. परंतु काही वीज उष्णतेत खर्च होते, म्हणून चौदा ते सोळा तास लागतात. घाई करून भलत्याच चार्जरला घट जोडला, तर तो तापून बिघडतो, प्रसंगी फुटतोही. शिसे-आम्ल घट भरताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून खोली हवेशीर असावी व जवळ ज्योत नसावी.

खाडीकाठची हवा खारी व दमट असते. तिच्यामुळे घटाच्या टोकांवर गंज चढतो आणि प्रवाहाला अडथळा होतो. म्हणून टोके वेळोवेळी कोरड्या फडक्याने पुसावीत. पावसाळ्यात विमाने उडवणे थांबते. तेव्हा शिसे-आम्ल घट रिकामा ठेवू नये. रिकाम्या घटातील शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर जमतो व घट निकामी होतो. कॅडमिअम व शिसे विषारी असल्याने निकामी घट शेतात किंवा खाडीत कधीही टाकू नयेत. ते जुने घट गोळा करणाऱ्या केंद्राकडे सोपवावेत.

इंजिन चालू करताना वडीलधारे माणूस जवळ असावे. फिरता पंखा बोट कापू शकतो. म्हणून घटाची पकड पंख्याच्या मागील बाजूने काढावी. मिथेनॉल विषारी असून त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विमानतळाच्या आसपास उडवण्यावर निर्बंध असतात. तेव्हा परवानगीची चौकशी आधीच करावी.

दाब बेताचा, प्रवाह पुरेसा आणि भरणे सावकाश, या तीन गोष्टी सांभाळल्या, की मुठीएवढे इंजिन गुणगुणू लागते. सामर्थ्य हवेच, पण ते किती व केव्हा वापरावे, हे कळण्यातच खरे कौशल्य आहे.

स्वाध्याय
१. इंजिन चालू झाल्यावर घट का काढून घेतात?
२. लेखकाने पाण्याचे उदाहरण कशासाठी दिले आहे?
३. ३ अँपिअर-तास क्षमतेचा निकेल-कॅडमिअम घट सावकाश भरण्यास किती प्रवाह द्यावा?
४. ‘घाई आणि नुकसान’ या विषयावर आठ ओळी लिहा.