लहान मुलांची वाचा

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी चिंता एखाद्या आईने बोलून दाखविली म्हणजे शेजारीपाजारी तिची समजूत घालितात, "त्याचा बापही उशिराच बोलला." कोणी जिभेस वेखंड चोळावयास सांगतो. सांगणारांचा हेतू चांगला असतो. परंतु तेवढ्यात बाळपणीचे मोलाचे महिने निघून जातात.

साधारणपणे वर्षाच्या सुमारास मूल एखाददुसरा शब्द बोलू लागते, व दोन वर्षांचे होईपर्यंत "आई ये" असे दोन शब्द जोडते. तसे न झाल्यास पहिला प्रश्न जिभेचा नव्हे, कानाचा होय. जे ऐकू येत नाही ते बोलता कसे येईल? नवजात बालकाचीही श्रवणपरीक्षा आता होऊ शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत येते. त्यास मूल अवश्य दाखवावे. कान वाहत असल्यास तेल घालीत बसू नये, डॉक्टरांस दाखवावे.

आता घरी काय करावे? येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. घरोघरी भेटीस गेलो म्हणजे मी मुलास जवळ ओढून, "नाव सांग पाहू! हे काय? ते काय?" असे विचारीत असे. मूल पदराआड जाई, आणि मी म्हणे, "लाजाळू आहे." ते संभाषण नव्हते, परीक्षा होती.

पुढे एका घरी आजी तुरीच्या शेंगा निवडीत बसलेली पाहिली. दीड वर्षाच्या नातवाच्या हाती शेंग देऊन ती "टाक" म्हणे, व तो ती टोपलीत टाकी. चारपाच वेळा असे झाल्यावर तिने शेंग हातात धरिली, त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि ती गप्प राहिली. बराच वेळ गेला. मग मूल म्हणाले, "ताक!" कोणी हसले नाही. आजी म्हणाली, "हो, टाक! शेंग टाक!" आणि शेंग त्याच्या हाती दिली. शिकविण्याची सारी रीत त्या टोपलीपाशी होती. ती अशी:

१. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीस बसावे. त्यास आपले तोंड दिसावे.

२. चालू काम लहान वाक्यांत बोलावे: "भाकरी थापते. भाकरी गरम."

३. बोलून झाल्यावर थांबावे. मनात दहा अंक मोजावे. उत्तराची जागा आपणच भरून टाकू नये.

४. मुलाच्या शब्दास एक शब्द जोडावा. ते "बैल" म्हणाले, तर "काळा बैल" म्हणावे.

५. चूक काढू नये. "तावला" म्हणाले, तर "हो, कावळा आला" असा शुद्ध शब्द परत द्यावा.

६. "पेरू की केळे?" असे दोन्ही दाखवून विचारावे. बोट दाखविले तरी ते उत्तर मानून शब्द आपण उच्चारावा.

घरची बोली अहिराणी असो वा भिल्ली, तीतच मनमोकळे बोलावे. दोन भाषा ऐकल्याने वाचा खुंटत नाही. मोबाईल पुष्कळ बोलतो खरा, परंतु तो मुलासाठी थांबत नाही.

उपदेशक बंधूंनी भेटीस जाताना हे ध्यानी ठेवावे. जे मूल बोलत नाही त्यास पुष्कळदा वेडे ठरवून बाजूस बसविले जाते, मग त्याच्याशी बोलणेही कमी होते, आणि वाचेची वाट अधिकच बंद होते.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावात न बोलणारे मूल आहे काय? त्याचे कान तपासले आहेत काय?

२. काल आपण आपल्या मुलास किती प्रश्न विचारिले, आणि किती वेळा उत्तरासाठी थांबलो?

३. या आठवड्यात रोज दहा मिनिटे कोणत्या कामात मुलास सोबत घेता येईल?