नदीकाठची सायकलवाट : नदी आणि कालवा यांतला फरक शिकवणारा एक पाठ



चौथी-पाचवीला परिसर अभ्यासात नदी येते. उगम, उपनदी, संगम, धरण हे शब्द मुलं पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितातही. पण ‘नदी किती रुंद असते?’ असा साधा प्रश्न विचारा, वर्ग गप्प होतो. कारण या प्रश्नाला चैत्रात एक उत्तर आहे आणि श्रावणात दुसरं. ते समजायला नदीच्या कडेकडेनं बराच वेळ जावं लागतं. मोटारीतून पूल अर्ध्या मिनिटात संपतो, आणि चालत गेलं तर लहान मुलं दोन किलोमीटरवर कुरकुरायला लागतात. सायकल हे त्यातल्या त्यात बरोबर साधन. पाहिजे तिथं थांबता येतं आणि अंतरही कापलं जातं.

आपल्या जुन्नर-आंबेगावात नदीकाठाला अशी सलग वाट नाही. पण सुट्टीत पुण्याला मामाकडे, काकांकडे जाणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या काठानं मोठा नदीकाठ प्रकल्प चालू आहे. त्याची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. मुळेचे २२.२ किलोमीटर, मुठेचे १०.४ आणि संगमानंतरच्या मुळा-मुठेचे ११.८ किलोमीटर असा त्याचा पसारा आहे. ही बेरीज मी फळ्यावर देऊन ठेवतो. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण आयतंच मिळतं. उत्तर ४४.४. मग पुढचा प्रश्न : तासाला १० किलोमीटर गेलो तर किती वेळ लागेल? (४.४ तास म्हणजे ४ तास ४० मिनिटं, असं निम्मा वर्ग लिहितो. तिथं दहा मिनिटं जास्त द्या, वाया जात नाहीत.) सगळी वाट अजून सलग झालेली नाही. बंडगार्डनजवळचा तुकडा आधी तयार झाला. मुलांना घेऊन जायचं तर तिथूनच सुरुवात करावी.

बंडगार्डन हे नाव ऐकून मुलांना ‘बंड’ म्हणजे उठाव वाटतो. १८५७ चा पाठ झालेला असेल तर हमखास. हा बंड म्हणजे आपला बंधारा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून नदीवर बंधारा बांधला गेला, त्याच्या शेजारची बाग ती बंडगार्डन. एका शब्दात भाषा आणि इतिहास दोन्ही सापडतात.

सायकल चालवताना मुलांच्या लक्षात आणून द्यायची पहिली गोष्ट म्हणजे दम लागत नाही. आपल्याकडे शिवनेरीच्या पायथ्याकडे सायकल मारणाऱ्या पोराला हे लगेच जाणवतं. नदी उतारानं वाहते, पण शहरात आल्यावर तिचा उतार इतका मंद असतो की डोळ्याला दिसत नाही. काठाची वाटही तशीच सपाट राहते. ‘ही सपाट जागा कुणी केली?’ असं विचारा. ठेकेदारानं, असं उत्तर येईल. तेही खरंच. पण त्याच्या आधी हजारो वर्षं नदीनंच पुरात गाळ आणून ती जागा भरलेली असते. म्हणजे आपण जिथं सायकल चालवतो ती जागा नदीच्या सातबाऱ्यावरची. पालकांना हे वाक्य फार पटतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांकडे एक अनुभव असा आहे जो शहरातल्या मुलांकडे सहसा नसतो. त्यांनी नदी आणि कालवा दोन्ही पाहिलेले असतात. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याची घरात चर्चा असते. म्हणून विचारा : कालवा सगळीकडे सारखाच रुंद का? कारण त्यात किती पाणी सोडायचं हे गेटवर ठरतं. नदीच्या धरणालाही दरवाजे आहेत, पण धरण भरल्यावर वरून पाऊस चालूच राहिला तर पाणी सोडावंच लागतं. शिवाय धरणाच्या खाली ओढे-नाले मिळतात, त्यांना कुठलं गेट? म्हणून नदीला एक रुंदी नसते. तिला पसरायला जागा लागते.

मुठेचं उदाहरण घ्या. टेमघर, वरसगाव, पानशेत या धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या मधोमध. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. टीव्हीवर ‘क्युसेक’ ऐकू येतं, पण मुलांना (आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही) तो आकडा दिसत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ३५,००० ला २८.३ ने गुणा. ९ लाख ९० हजार ५०० लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा धरला तर दर सेकंदाला ९९ टँकर. ‘एक’ म्हणेपर्यंत ९९, ‘दोन’ म्हणेपर्यंत आणखी ९९. वर्गात हे मोठ्यानं मोजायला लावा.

आणि १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली. पुण्यातले बहुतेक पूल पाण्याखाली गेले. नदीकाठच्या पेठांमधली घरं वाहून गेली. ज्या मुलांचे नातेवाईक पुण्यातल्या जुन्या भागात आहेत, त्यांना तिथल्या आजी-आजोबांना एवढंच विचारू द्या : ‘तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ भिंतीवर हात ठेवून दाखवलेली ती जागा मूल विसरत नाही.

पूररेषा हा शब्द इथं शिकवावा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यात एक गैरसमज होतो. १०० वर्षांचा पूर आत्ताच येऊन गेला, आता १०० वर्षं काळजी नाही, असं मुलं समजतात. तसं नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. चिठ्ठ्यांचा खेळ करा : १०० चिठ्ठ्या, एक लाल. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, हे महत्त्वाचं.

आता प्रयोग. शाळेच्या मैदानात मातीत दोन चर काढा. एक हातभर रुंद, दुसरा दोन्ही बाजूंनी विटा लावून वीतभर. दोन्हींचा उतार सारखा ठेवा. नळाची पाईप तेवढीच उघडी ठेवून आधी एकात, मग दुसऱ्यात पाणी सोडा आणि पट्टीनं खोली मोजा. विटांच्या चरात पाणी जास्त चढतं आणि जोरातही धावतं. नंतर एक तांब्या पाणी फरशीवर आणि एक तांब्या मातीवर ओता. किती सेकंदांत मुरतं ते मुलांनीच मोजावं.

हे झाल्यावरच पुण्याच्या प्रकल्पाबद्दल बोलावं, आधी नाही. पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे की भराव आणि बांधकामानं नदीचं पात्र आवळलं जातं आणि काठावरची झाडं जातात. महापालिकेचं म्हणणं की उलट पुराचा धोका कमी होईल. अहमदाबादला साबरमतीच्या दोन्ही काठांना सरळ भिंती बांधून सुमारे २०० हेक्टर जमीन मिळवली. तिथं सायकली फिरतात, बागा आहेत, लोक खूश आहेत. पण शहरातल्या त्या नदीत वर्षभर दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. आपली मुलं हे ऐकून पटकन म्हणतात, ‘म्हणजे तो कालवाच झाला की!’ दोन्ही बाजू वर्गात मांडा. माझं मत विचाराल तर सायकलवाट हवीच, मुलांना सुरक्षित रस्ता दुसरा कुठं उरलाय? पण ती पावसाळ्यात बुडणारी असावी. मुठेवरचा भिडे पूल दर मोठ्या विसर्गाला बुडतो, चार दिवस बंद राहतो आणि पुन्हा चालू होतो. त्यानं कुणाचं बिघडत नाही.

झाडांची गोष्ट राहिली. काठावर करंज, उंबर दिसतील. वाळुंजही शोधा. आपल्याकडे वाळुंज आडनाव भरपूर, पण त्या नावाचं झाड पाण्याकाठी वाढतं हे बहुतेक वाळुंजांनाच सांगावं लागतं. आणि वास येईल, तो टाळू नका. जलपर्णी का वाढते, सांडपाणी कुठून येतं, हे तिथंच थांबून विचारावं. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. आपली कुकडी घोडला आणि घोडही भीमेलाच. दोन्हींचं पाणी उजनीत एक होतं. नकाशावर दोन रंगांचे खडू घेऊन मुलांना ते ओढू द्या.

ज्यांना पुण्याला जाणं जमणार नाही त्यांनी जुन्नरला कुकडीच्या, नारायणगावला मीनेच्या किंवा घोडेगावला घोड नदीच्या पुलापर्यंत जावं. पुलाच्या खांबावर पुराची ओल किंवा अडकलेला पालापाचोळा कुठपर्यंत आहे ते दुरून पाहून वहीत तारखेसह चित्र काढावं. जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये एक, दिवाळीनंतर एक. पावसाळ्यातली चित्रं पुलावरूनच, पात्रात कुणी उतरायचं नाही. कालव्याच्या रस्त्यावर मात्र मुलांना सायकलवर नेऊ नका. अस्तरीकरण केलेल्या कडा गुळगुळीत असतात, पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. आणि ऊस उभा असेल तिकडे सूर्य मावळायच्या आत घरी. बिबट्याचं आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको.