स्वभावाआधी परिस्थिती : सामाजिक मानसशास्त्र शिकणाऱ्या पुतणीस पत्र



सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्यापुढे पहिल्या काही महिन्यांतच अभिवृत्ती, पूर्वग्रह, गुणारोपण, अनुरूपता, आज्ञापालन अशा संज्ञांची रास येऊन पडते. त्यांच्या व्याख्या पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येते. परंतु त्यांतील बहुतेकींना जोडणारा विचार उमगला नाही, तर विषय पुस्तकातच राहून जातो. तो विचार असा की, कोणी असे का वागला याचे कारण शोधताना पाहणाऱ्याची नजर त्याच्या स्वभावावर फार लवकर स्थिरावते आणि ज्या परिस्थितीत तो उभा असतो, तिच्याकडे ती क्वचितच वळते. ही नजर वळवण्याची सवय विद्यार्थिनीने पहिल्या वर्षापासून अंगी बाणवावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वागण्याचे कारण ठरवण्याच्या मानसिक क्रियेला ‘गुणारोपण’ म्हणतात. ते करताना स्वभावाला अवाजवी आणि परिस्थितीला अपुरे महत्त्व देण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ असे नाव दिले. उशिरा आलेला सहकारी बेजबाबदार ठरतो, पण तोच उशीर स्वतःला झाला की लोकल चुकल्याचे कारण पुरेसे वाटते. हा कल सर्व समाजांत सारखाच असतो असे मात्र नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोतील अमेरिकन आणि म्हैसूरमधील हिंदू यांची तुलना केली, तेव्हा वय वाढते तसे शिकागोतील लोक स्वभावाची कारणे अधिक सांगतात, तर म्हैसूरचे लोक नाती, प्रसंग आणि परिस्थिती यांच्याकडे अधिक बोट दाखवतात, असे दिसून आले. पाश्चात्त्य पुस्तकातला प्रत्येक निष्कर्ष साऱ्या मानवजातीचा आहे असे विद्यार्थिनीने मानू नये, ते यासाठीच.

परिस्थितीचे बळ किती असते, हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रिन्स्टन येथील प्रयोगात लख्ख दिसते. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एक छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले गेले आणि त्यांतील निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधील चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूची कथा. त्यांच्या वाटेवरही एक माणूस दाराशी कोसळून खोकत, कण्हत बसलेला होता. ज्यांच्या हाताशी पुरेसा वेळ होता त्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झाला आहे, लवकर निघा’ असे सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता आहे यापेक्षा हाताशी किती वेळ आहे, यानेच मोठा फरक पडला.

घाईप्रमाणेच भोवतालची माणसे हीदेखील परिस्थितीच असते. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ पासूनच्या प्रयोगांत तीन रेषांपैकी कोणती रेष नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगायचे होते; तरीही संशोधकाने आधीच शिकवून ठेवलेली इतर मंडळी एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागली की, सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे जात. समूहाच्या दबावाखाली मत किंवा वर्तन बदलणे म्हणजे ‘अनुरूपता’. डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात इंटरकॉमवरून कोणाला तरी फिट आल्याचे ऐकू येई. आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी झटका ओसरण्यापूर्वी मदत मागितली, तर आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्क्यांनी. बघे वाढतात तशी जबाबदारी वाटली जाते आणि ती कोणाच्याच अंगावर राहत नाही. यालाच ‘जबाबदारीचे विभाजन’ म्हणतात.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेला आज्ञापालनाचा प्रयोग यापुढचा आहे. चुकीच्या उत्तराबद्दल दुसऱ्याला विजेचे वाढते झटके द्यायचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत. १९६३ च्या अहवालानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सर्वतोमुखी असतो. विद्यार्थिनीने मात्र त्याच प्रयोगाच्या पुढील आवृत्त्याही नीट वाचाव्यात. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून हुकूम देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले आणि सोबतच्या दोघांनी उघड नकार दिला तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले. माणसे त्याच प्रकारची होती. बदलली ती परिस्थिती.

अर्थात या शास्त्रातील प्रसिद्ध कथाही पारखूनच घ्याव्यात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून ३८ जणांनी पाहिला आणि कोणीच काही केले नाही, ही बातमी पुढे अतिशयोक्त ठरली. झिंबार्डो यांच्या १९७१ च्या स्टॅनफर्ड येथील बनावट तुरुंगाच्या प्रयोगात पहारेकऱ्यांची भूमिका दिलेल्यांना कठोर होण्यास उत्तेजन दिले गेले होते, असा गंभीर आक्षेप आहे. आणि २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून कमी अभ्यासांचे निष्कर्ष टिकले. रंजक निष्कर्ष पुढे आला की नमुना किती मोठा होता, कोणता होता आणि तो प्रयोग इतरत्र टिकला का, हे प्रथम विचारावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, परिस्थितीचे ज्ञान दुसऱ्याला समजून घेण्यासाठी वापरावे, स्वतःला सूट देण्यासाठी नव्हे. मिलग्रॅम यांच्या त्या ४० पैकी १४ जण मध्येच थांबले होते आणि अ‍ॅश यांच्या प्रयोगात एक जोडीदार खरे बोलला की अनुरूपता झपाट्याने घटत असे. म्हणजे एका माणसाचा नकार हीदेखील इतरांसाठी नवी परिस्थिती असते. म्हणून बैठकीत सर्वांचे एकमत घाईने होत असेल, तर मनातली शंका मोजक्या शब्दांत पण मोठ्याने मांडावी. रस्त्यावर अपघात होऊन गर्दी जमलेली दिसली, तर ‘कोणीतरी फोन करा’ असे न म्हणता, ‘निळा शर्ट घातलेले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा’ असे एकाला नेमके सांगावे, म्हणजे वाटली गेलेली जबाबदारी पुन्हा एका माणसाच्या हाती येते. विद्यार्थिनीने या वर्षी एवढ्या दोन गोष्टी आचरणात आणल्या, तर तिने या शास्त्राचा गाभा आत्मसात केला असे खुशाल समजावे.

कळावे, लोभ आहेच.

काकांचे आशीर्वाद